स्थिर आकार

विट्याच्या सुनावणीत यंत्रमागवाले दोन तास बोलले.
एकानं टेबलावर बॉबिन आपटला,
मी तोही नोंदवून घेतला.
मग चहा आला, आणि राग
बशीत ओतल्यासारखा निवत गेला.

माझं काम त्यानंतरचं.
शंभर युनिट निघाली, चौऱ्याऐंशी पोचली,
उरलेली सोळा कुठं सांडली?
तारेवर टाकलेल्या आकड्यात,
की कागदावर टाकलेल्या?
आयोगातली सोळा वर्षं मी एवढंच विचारते आहे
आणि कंपनी दरवर्षी
नव्या दशांशात उत्तर देते आहे.

यादी होती शून्य वापराची.
खानापूर तालुका, एकोणीसशे बारा जोडण्या,
शेरा : कुलूपबंद.
टिपणातली ओळ तयार होती,
'सदर जोडण्या कायमस्वरूपी खंडित करण्यास हरकत नसावी.'
'नसावी' आम्ही फार वापरतो.
त्यात कुणाचा हात दिसत नाही.

एका रांगेपाशी बोट थांबलं.
लेंगरे, सिंगल फेज,
अकरा महिने शून्य, आणि एप्रिलला चार.
पुढच्या एप्रिलला चार. मग पाच. मग चार.
गेल्या वर्षी काहीच नाही.
मीटर नादुरुस्त म्हणून पुढं सरकले असते,
पण बिल एकदाही थकलेलं नव्हतं.

मुबारक शिकलगार, वायरमन.
गाडीवर मागं बसवून नेलं, वाटेत वाऱ्यावर सांगत राहिले,
"निम्मी घरं अशीच हायती म्याडम.
माणसं सोनं गाळाय गेल्यात, सेलम, मदुराई, कुठं कुठं.
जत्रंला येत्यात, चार दिस लाइटी लावत्यात,
पाण्याची मोटार करत्यात, जात्यात."

घर दुमजली, रंग नवा.
ग्रिलच्या कुलपाला
पावसासाठी प्लास्टिकची पिशवी बांधलेली.
मीटरच्या काचेवर कुंभारमाशीचं मातीचं घर,
रीडिंगच्या बरोबर वर.
मुबारकनी ते नखानं काढलं नाही,
मान वाकडी करून आकडा वाचला.

मग फोन लावून दिला.
पलीकडं भट्टीचा पंखा, कुणाला तरी तमिळमध्ये दटावणं,
आणि एकदम, "बोला की."
मी विचारलं, वापर नाही, तर भरता कशाला?
निवृत्ती देवकर हसले.
"तुमी बी गळतीच बघताय नव्हं? आमचं बी त्येच.
सोनाराच्या दुकानातला केर इकत घ्याचा,
जाळायचा, गाळायचा,
चिमूटभर निघतंय.
आमच्यात केर कोण टाकत न्हाई."
थोडं थांबून,
"बिल वडलांच्या नावावर हाय.
रेशनकार्डावरनं गेले, सातबाऱ्यावरनं गेले.
हितं अजून दर म्हैन्याला 'श्री.' लागून येतंय."

नावबदलाचा अर्ज करा, हे मी सांगायला हवं होतं.
त्याचा नमुना मला पाठ आहे.
मी म्हटलं, हॅलो, आवाज तुटतोय.

स्थिर आकार वीस रुपयांनी वाढवावा,
ही माझीच शिफारस आहे. ती मी खोडली नाही.
खांब उन्हात उभे आहेत, त्यांनाही रंग लागतो,
मुबारकना हातमोजे लागतात,
मागच्या वर्षी मिळाले ते डाव्या हाताचे दोन.
फक्त जोडण्या तोडण्याची ओळ काढली.
साहेबांनी विचारलं, कारण?
मी म्हटलं, स्थळपाहणी.

गेल्या एप्रिलचं मात्र विचारायचं राहिलं.
म्हणजे, राहू दिलं.
यंदाचं रीडिंग मेच्या दहा तारखेला येतं.
आज आठ.